बटण दाबलं, पण कॉम्प्युटर ढिम्म!



आमच्या वेस्ट विंडसरला कोणी पाहुणे आले की आम्ही त्यांना दोन जागा दाखवतो. एक प्रिन्स्टन, जे आमच्या गावात नाही. आणि दुसरी ग्रोव्हर्स मिलचं तळं, जे आमच्याच गावात आहे, पण तिथे काही घडलेलंच नाही! ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्सने रेडिओवर 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' सादर केलं आणि मंगळावरून आलेलं पहिलं नळकांडं या ग्रोव्हर्स मिलच्या शेतात पाडलं. हे नाटक आहे हे ज्यांना कळलं नाही ते घाबरले. इथल्या एका पाण्याच्या टाकीलाच मंगळवाल्यांचं यंत्र समजून कोणी गोळ्या झाडल्या, असंही गावात सांगतात. त्या प्रसंगाला पन्नास वर्षं झाली म्हणून १९८८ साली तळ्याकाठच्या व्हॅन नेस्ट पार्कमध्ये त्याचं स्मारकसुद्धा उभं केलंय.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या जूनमध्ये आमच्या बेसमेंटमध्ये असंच एक काळं धूड निपचित पडलं होतं, आणि मी न बघता, न तपासता त्याच्यावर गोळ्या झाडायला निघालो होतो.

आमच्या चिरंजीवांनी (वय वर्षे १६) स्वतःचा डेस्कटॉप स्वतः बांधायचं ठरवलं. लहान मुलांना गणित शिकवून आणि हिवाळ्यात शेजाऱ्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ काढून त्याने पैसे जमवले होते. थँक्सगिव्हिंगच्या सेलपासून एकेक भाग घेत घेत मे महिन्यापर्यंत सगळं सामान जमलं. एकंदर तेराशे डॉलर्सच्या आसपास. मी त्याला दहादा सांगितलं होतं की बाबा रे, तयार मशीन घे, काही झालं तर उचलून परत देता येतं. पण नाही. शाळा संपली, पोराने बेसमेंटमध्ये दोन दिवस मांडी ठोकली आणि रविवारी संध्याकाळी आम्हा सगळ्यांना उद्घाटनाला खाली बोलावलं. सौ.ने नारळ फोडायचा का असंही विचारलं.

बटण दाबलं. काही नाही. परत दाबलं. दिवा नाही, पंखा नाही, साधा 'टिक' आवाजसुद्धा नाही.

आता इथे मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. "तरी मी सांगत होतो," या वाक्याने मी सुरुवात केली आणि तेराशे डॉलर्सवर संपवली. पोरगं काही न बोलता वर गेलं आणि दार लावून बसलं. त्यात आणखी एक गोष्ट माझ्या तेव्हा लक्षात आली. नोव्हेंबरात घेतलेल्या भागांची परत करायची मुदत कधीच उलटून गेली होती. म्हणजे एखादा भाग मुळातच खराब असेल, तर तो दुकानाला देता येणार नव्हता. फार तर कंपनीकडे वॉरंटीसाठी पाठवायचा आणि आठवडेच्या आठवडे वाट बघायची.

(ज्यांची मुलं असाच उद्योग करायच्या बेतात आहेत त्यांनी हे आधी लक्षात ठेवा. सेलमध्ये एकेक भाग घेण्यात पैसे वाचतात, पण पहिला भाग घेतल्यापासून मशीन चालू होईपर्यंतचे दिवस मोजा. निदान मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी आणि पॉवर सप्लाय एकाच सुमारास घ्यावेत आणि आल्या आल्या लावून बघावेत.)

रात्री बारा वाजेपर्यंत मी इंटरनेटवर वाचत बसलो होतो. गेली पंचवीस वर्षं मी याच धंद्यात आहे, लोक मला आर्किटेक्ट म्हणतात, पण कॅबिनेट उघडून शेवटचं कधी बघितलं होतं ते आठवेना. शेवटी नवा पॉवर सप्लाय मागवायचं ठरवून, त्याची ऑर्डर अर्धवट भरून झोपलो.

वीज कुठवर आली?

एप्रिलपासून माझे वडील, म्हणजे अण्णा, आमच्याकडे आले होते. सांगलीकडे वीज मंडळात वायरमन म्हणून लागले आणि चौतीस वर्षांनी निवृत्त झाले. २००५ साली मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या होऊन महावितरण झालं, तरी अण्णा अजून 'बोर्ड'च म्हणतात. इथे त्यांचं मन रमत नव्हतं हे मला दिसत होतं. गाडी चालवता येत नाही, चालत जावं असं काही जवळ नाही, आणि टीव्हीवरच्या बातम्या बघून बघून माणूस किती बघणार? "मला जरा आधीचं तिकीट मिळतंय का बघ," असं ते दोनदा म्हणूनही झाले होते.

सोमवारी सकाळी चहा पिताना त्यांनी विचारलं, "त्या यंत्राचं काय झालं?"

मी म्हटलं, "अण्णा, पॉवर सप्लाय गेलाय बहुतेक. नवीन मागवतोय."

"गेलाय कशावरून?"

"चालू होत नाही ना."

"अरे, गावात अंधार झाला म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळला असं असतं का? आधी बघायचं वीज कुठवर आलीय. सबस्टेशनपर्यंत आहे का, फीडरवर आहे का, डीपीपर्यंत आली का, खांबावर आहे का, मीटरपर्यंत आली का. जिथवर आहे आणि जिथून पुढे नाही, त्या दोनांच्या मधे दोष. तू एकदम डीपीच बदलायला निघालास!"

मंडळी, मी रोज ऑफिसात जी पोरं न तपासता सर्व्हर रीस्टार्ट करतात त्यांना हेच ऐकवतो. आता घरच्या चहावर मला ते ऐकावं लागलं.

अण्णांनी नातवाला हाक मारली. "चल रे, आपण लाइन पेट्रोलिंग करू." पोरगं आलं. माझ्याकडे बघितलं नाही, पण आलं.

पहिला खांब : भिंत

मी म्हटलं, भिंतीतल्या सॉकेटमध्ये वीज आहे, कारण त्याच सॉकेटमध्ये टेबललॅम्प लावलाय आणि तो चालू आहे. अण्णांनी बॅगेतून आपला जुना टेस्टर आणला होता (तो ते अमेरिकेलाच काय, काशीलाही घेऊन गेले होते). इथल्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये जी उभी फट थोडी अरुंद असते, तिच्यात वीज असते. अण्णांनी खालच्या सॉकेटच्या अरुंद फटीत टेस्टर लावला. इथल्या १२० व्होल्टवर तो जरा फिका, पण लागला. मग वरच्या सॉकेटमध्ये लावला. नाही लागला.

लॅम्प खालच्या सॉकेटमध्ये होता. कॉम्प्युटर वरच्या.

अमेरिकन घरांत हा प्रकार सर्रास असतो. छताला दिवा नसलेल्या खोलीत एका सॉकेटचा अर्धा भाग भिंतीवरच्या बटणाला जोडलेला असतो, म्हणजे त्याला उभा दिवा लावून दाराशी बटण दाबून चालू-बंद करता यावा. उरलेला अर्धा भाग कायम चालू. आणि प्रत्येक घरात एक बटण असं असतं की ते कशाचं आहे हे घर घेतल्यापासून कोणालाच ठाऊक नसतं. आमच्या बेसमेंटच्या जिन्यापाशी तसं एक होतं. ते खाली होतं. आपल्याकडे खाली म्हणजे चालू, इथे खाली म्हणजे बंद. वर केलं, टेस्टर लागला.

अण्णा एक मिनिट गप्प राहिले. मग म्हणाले, "हे मीच बंद केलं असणार. रात्री झोपताना सगळी बटणं बंद करत फिरतो ना मी."

आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ते मोठ्याने हसले. नातूही हसला. मीही हसलो, जरा उशिरा.

बेसमेंट आणि गराजच्या बाबतीत आणखी एक गोष्ट बघावी. तिथल्या सॉकेटवर 'टेस्ट' आणि 'रीसेट' अशी दोन छोटी बटणं असलेलं जीएफसीआय लावलेलं असतं. ते एकदा पडलं की त्याच्या पुढे जोडलेली बाकीची सॉकेट्सही मरतात, आणि ते जीएफसीआय कधीकधी भलत्याच कोपऱ्यात, फ्रीझरच्या मागे असतं. म्हणून कॉम्प्युटरला दोष देण्यापूर्वी, ज्या भोकात त्याची वायर आहे त्याच भोकात दुसरं काहीतरी लावून बघायचं. शेजारच्या नव्हे, त्याच.

दुसरा खांब : एसएमपीएस

सॉकेटमध्ये वीज आली. आम्ही उत्साहाने बटण दाबलं. तरीही ढिम्म. मी म्हणणार होतो, "बघा, मी म्हटलं नव्हतं," पण सुदैवाने म्हटलं नाही.

अण्णा म्हणाले, "एक दोष सापडला म्हणजे दोष संपले असं नाही. पुढचा खांब कुठला?"

पुढचा खांब म्हणजे पॉवर सप्लाय, ज्याला आपण मुंबई-पुण्यात एसएमपीएस म्हणत आलो. त्याच्या मागे एक बटण असतं, त्यावर उभी रेघ आणि गोल अशा खुणा असतात. रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. ते चालू होतं. मदरबोर्डकडे बघितलं तर कोपऱ्यात एक बारीक दिवा लागलेला होता, जो काल नव्हता. सगळ्या बोर्डांवर असा दिवा असतोच असं नाही, पण असला तर तो फार मोलाचा.

हा दिवा काय सांगतो, हे समजायला जरा मागे जावं लागेल. तुमच्यापैकी ज्यांनी नव्वदच्या दशकात लॅमिंग्टन रोडवरून किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीतून सामान आणून कॉम्प्युटर जोडले आहेत, त्यांना जुने एटी पॉवर सप्लाय आठवत असतील. त्यांचं समोरचं बटण म्हणजे खरोखरचं बटण होतं. भिंतीतली २३० व्होल्टची वीज थेट त्यातून जायची. मदरबोर्डला पी-८ आणि पी-९ असे दोन प्लग लागायचे आणि 'काळ्याला काळी' हा मंत्र होता, म्हणजे दोन्ही प्लगच्या काळ्या वायर्स मध्यभागी शेजारी आल्या पाहिजेत. उलटे लावले की बोर्डाला राम म्हणायचा. आणि विंडोज ९५ बंद केलं की 'आता कॉम्प्युटर बंद करायला हरकत नाही' अशी नारिंगी अक्षरं यायची, कारण विंडोजला स्वतःहून वीज तोडता येत नव्हती.

१९९५ साली इंटेलने एटीएक्स पद्धत आणली आणि हे सगळं बदललं. एटीएक्समध्ये समोरचं बटण वीज तोडत-जोडत नाही. ते फक्त मदरबोर्डला विनंती करतं. मदरबोर्डला ती ऐकू यावी म्हणून पॉवर सप्लाय त्याला कायम, म्हणजे मशीन 'बंद' असतानाही, थोडी ५ व्होल्टची वीज पुरवत राहतो. तिला स्टँडबाय म्हणतात. बटण दाबलं की मदरबोर्ड पॉवर सप्लायला खूण करतो, की आता बाकीची वीज सोड. आपल्या सोसायटीतल्या वॉचमनसारखं समजा. इमारत झोपलेली असते, तो एकटा जागा असतो.

तर बोर्डावरचा तो दिवा म्हणजे वॉचमन जागा आहे. वीज भिंतीतून एसएमपीएसमध्ये, तिथून २४ पिनांच्या मोठ्या प्लगमधून बोर्डापर्यंत आलेली आहे. मी जो पॉवर सप्लाय मेला म्हणून बदलायला निघालो होतो, तो जिवंत असल्याची ही बरीच चांगली खूण होती. (शंभर टक्के पुरावा नव्हे. स्टँडबाय चालू असून मुख्य भाग गेलेला असू शकतो. पण आता संशयाची सुई पुढे सरकली.)

तिसरा खांब : बटण

कॅबिनेटच्या समोरच्या बटणापासून दोन बारीक वायर्स येतात आणि त्यांच्या टोकाचा दोन भोकांचा चिमुकला प्लग बोर्डाच्या कडेला असलेल्या पिनांवर बसवायचा असतो. तिथेच शेजारी रीसेट, हार्ड डिस्कचा दिवा आणि पॉवरचा दिवा यांच्याही पिना असतात. सगळ्या सारख्या दिसतात, आणि त्यांच्या बाजूला छापलेली अक्षरं वाचायला सोनाराची भिंग लागते.

आजोबा आणि नातू दोघं टॉर्च घेऊन मॅन्युअलमधली आकृती आणि बोर्ड आळीपाळीने बघत बसले. आजोबांना इंग्रजी फार येत नाही आणि नातवाला मराठी वाचता येत नाही, पण वायरिंगची आकृती दोघांनाही येत होती. पाच मिनिटांत नातू ओरडला, "आजोबा, इट्स ऑफ बाय वन!" प्लग एक पिन सरकून बसला होता. एक भोक पॉवरच्या पिनवर, दुसरं शेजारच्या भलत्याच पिनवर. म्हणजे आम्ही बटण दाबत होतो, पण विनंती वॉचमनपर्यंत पोचतच नव्हती.

बटणावर शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. तो प्लग काढून ठेवायचा आणि पॉवरच्या त्याच दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र स्पर्श करायचा. बटण तेवढंच करतं. तिथे फक्त ती बारीक स्टँडबायची वीज असते, त्यामुळे धोका नाही. मात्र पिना मॅन्युअल बघून त्याच निवडायच्या. मशीन असं सुरू झालं तर दोष बटणात किंवा त्याच्या वायरमध्ये.

प्लग नीट बसवला. बटण दाबलं. पंखे फिरले!

चौथा खांब : धीर

पंखे फिरले, दिवे लागले, पण मॉनिटर काळाच. एक मिनिट झालं, दोन मिनिटं झाली. माझा हात बटणाकडे जायला लागला. नातू मात्र आता बोर्डाकडेच बघत होता. हल्लीच्या बऱ्याच मदरबोर्डांवर चार छोटे दिवे असतात: प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि बूट. मशीन ज्या पायरीवर असेल त्या पायरीचा दिवा लागतो. आमचा मेमरीवर होता.

मी म्हटलं, "मेमरी खराब दिसतेय."

अण्णा म्हणाले, "तू जरा बस."

नातवाने फोनवर शोधलं आणि सांगितलं की हल्लीच्या डीडीआर-५ मेमरीत, विशेषतः एएमडीच्या २०२२ पासून आलेल्या एएम-५ बोर्डांवर, पहिल्यांदा चालू करताना बोर्ड मेमरीशी वेगवेगळ्या वेळा जुळवून बघतो. याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. त्याला काही मिनिटं लागू शकतात आणि तेवढा वेळ पडदा काळा असतो. लोक घाबरून मधेच वीज तोडतात, मग ते परत पहिल्यापासून सुरू होतं, आणि लोक परत घाबरतात.

आम्ही तिघं खुर्च्या ओढून बसलो. अण्णा म्हणाले की वादळात लाइन गेली की दुरुस्तीनंतर लोक 'अजून कशी येत नाही' म्हणून ऑफिसवर यायचे, पण लाइन चार्ज करताना घाई करणारा माणूस जिवानिशी जातो. त्यांच्या एका सहकाऱ्याचं असंच झालं होतं, ते त्यांनी नातवाला सांगितलं. ही गोष्ट मी स्वतः इतक्या वर्षांत ऐकली नव्हती.

चौथ्या मिनिटाला पडदा उजळला.

आमच्याकडे जे झालं नाही, पण तुमच्याकडे होऊ शकेल

आमची गाडी चार खांबांवर सुटली. तुमची कदाचित दुसरीकडे अडेल. म्हणून त्या आठवड्यात आम्ही जे शिकलो ते क्रमाने देतो.

१. २४ पिनांचा मोठा प्लग पूर्ण आत बसलाय का? त्याची खिटी 'कट्' आवाज करून अडकली पाहिजे. तो बराच जोर लावल्याशिवाय बसत नाही आणि नवखे लोक बोर्ड मोडेल या भीतीने अर्धाच बसवतात.

२. प्रोसेसरसाठी बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यात वेगळा ८ पिनांचा प्लग लागतो. तो विसरला तर पंखे फिरतात, पण पुढे काही होत नाही. हा प्लग चार-चार असा दुभंगतो. ग्राफिक्स कार्डाचा ८ पिनांचा प्लग दिसायला त्याचा जुळा भाऊ, पण तो सहा-दोन असा दुभंगतो आणि त्याच्या वायर्सचा क्रम उलटा असतो. एकाच्या जागी दुसरा दामटू नये.

३. पंखे अर्धा सेकंद फिरून थांबत असतील तर कुठेतरी शॉर्ट असण्याची शक्यता धरा. मदरबोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो, त्यांपैकी एखादी जास्तीची खुंटी बोर्डाला भोक नाही अशा जागी राहिली तर ती मागून टेकते. एखादा पडलेला स्क्रूही हेच करतो.

४. अशा वेळी बोर्ड कॅबिनेटबाहेर काढून त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवावा. फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, मेमरीची एकच पट्टी आणि पॉवर सप्लाय लावून बघावं. चालला तर एकेक भाग वाढवत जायचं. खरं तर नवं मशीन आधी असंच चालवून बघावं आणि मग कॅबिनेटमध्ये घालावं.

५. चार खाचा असलेल्या बोर्डावर मेमरीच्या दोन पट्ट्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत लावायच्या असतात. मॅन्युअल बघा.

६. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात लावा, बोर्डाच्या मागे नको. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावात शेवटी 'एफ' असतं, त्यात स्वतःचं ग्राफिक्स नसतंच.

७. प्रोसेसर बोर्डापेक्षा नवा असेल तर बोर्डाचं बायोस जुनं असल्याने तो ओळखला जात नाही. बऱ्याच बोर्डांवर प्रोसेसरशिवायही पेन ड्राइव्हने बायोस अद्ययावत करायची सोय असते.

८. एसएमपीएस खरंच गेलाय का हे बघायचं असेल तर २४ पिनांच्या प्लगमधली १६ क्रमांकाची पिन (पूर्वी हिरवी वायर) शेजारच्या काळ्या वायरच्या पिनशी पेपरक्लिपने जोडतात. प्लग बोर्डातून काढलेला हवा, आणि क्लिप बसेपर्यंत मागचं बटण बंद हवं. मग चालू केलं की पॉवर सप्लायचा पंखा फिरतो. काहींत कमी भार असताना पंखा फिरतच नाही, त्यामुळे मल्टिमीटर असेल तर उत्तम. हल्ली सगळ्या वायर्स काळ्या असतात, तेव्हा आकृती समोर ठेवूनच मोजा. खात्री नसेल तर हे करू नका.

९. जुन्या एसएमपीएसच्या केबल्स नव्याला लावू नका, जरी त्या बसल्या तरी. पॉवर सप्लायकडच्या टोकाचा क्रम प्रत्येक कंपनीचा वेगळा असू शकतो, आणि चुकला तर डिस्क जळतात.

१०. एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहू शकतात. यावर अण्णांनी स्वतंत्र भाषण दिलं, ते इथे देत नाही.

जे मंडळी मशीन भारतात नेणार आहेत त्यांच्यासाठी एक जोड. हल्लीच्या बहुतेक पॉवर सप्लायवर '१००-२४०' असं छापलेलं असतं. ते तिथल्या २३० व्होल्टवर आपोआप चालतात आणि फक्त भिंतीकडची पिन बदललेली दुसरी वायर लागते. मशीनमध्ये जाणारं टोक दोन्ही देशांत सारखंच. पण जुन्यांवर ११५ आणि २३० असं लिहिलेलं छोटं लाल बटण असतं. ते ११५ वर राहिलं आणि तिथे वायर लावली तर मोठा आवाज येतो आणि विषय संपतो. उलट २३० वर ठेवून इथे लावलं तर मशीन सुरूच होत नाही किंवा रडतखडत होतं, आणि माझ्यासारखा माणूस त्याला मेलेलं समजतो.

आपण एकटे नाही

आपल्या भागाला न चालणाऱ्या नव्या मशीनांची परंपरा जुनी आहे. पलीकडे प्रिन्स्टनच्या इन्स्टिट्यूट फॉर अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीमध्ये जॉन फॉन नॉयमनच्या देखरेखीखाली जो कॉम्प्युटर बांधला, त्याची मेमरी बनवायचं काम आरसीएच्या प्रयोगशाळेकडे होतं. ती वॉशिंग्टन रोडवर, म्हणजे आपल्याच वेस्ट विंडसरमध्ये. त्यांची 'सिलेक्ट्रॉन' नावाची नळी वेळेत तयार झाली नाही. शेवटी मंडळींनी दुसऱ्याच प्रकारच्या चाळीस नळ्या जुळवून काम भागवलं आणि १९५२ साली ते मशीन जाहीरपणे दाखवलं. सगळी मिळून मेमरी पाच किलोबाइट! तिथेही मेमरीपाशीच अडलं होतं, हे मी चिरंजीवांना मुद्दाम सांगितलं. १९७६ साली याच मर्सर काउंटीत, तेव्हाच्या ट्रेंटन स्टेट कॉलेजमध्ये, ट्रेंटन कॉम्प्युटर फेस्टिव्हल सुरू झाला. घरी कॉम्प्युटर जोडणारे लोक तिथे जमायचे, सुटे भाग विकायचे आणि एकमेकांची अडलेली मशीनं सोडवायचे.

त्या सोमवारी संध्याकाळी मी चिरंजीवांच्या खोलीचं दार वाजवलं आणि सरळ सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "इट्स ओके बाबा, यू जस्ट स्किप्ड द फर्स्ट पोल." आता हे वाक्य आमच्या घरात माझ्यावर वारंवार वापरलं जातं.

तिकीट आधीचं घ्यायचा विषय अण्णांनी परत काढला नाही. ठरल्याप्रमाणे सप्टेंबरात गेले. तोपर्यंत आजोबा-नातवाने मिळून घरातली सगळी बटणं कशाची आहेत ते शोधून काढलं, जे मला अकरा वर्षांत जमलं नव्हतं. जिन्यापाशीच्या बटणावर अण्णांनी पांढरी पट्टी चिकटवून त्यावर मार्करने मराठीत लिहिलंय, 'बंद करू नये'. नातवाला ते आता वाचता येतं.

तुमच्याकडे कोणाचं नवं मशीन असं रुसलं असेल आणि वेगळाच खांब सापडला असेल तर जरूर कळवा. यादीत अकरावा मुद्दा घालायला जागा आहे.

कळावे, लोभ असावा,
एक वेस्ट विंडसरकर